डार्विनहून एका दिवसात काकाडू: दगडावरची चित्रं नीट बघायची असतील तर हे आधी वाचा

आईबाबा इकडे मेलबर्नला राहायला आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन, सिडनीचं ऑपेरा हाउस, आणि हे सगळं उरकलं की पुढे काय हा प्रश्न येतोच. माझं उत्तर काकाडू, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरापासून तीन तासांवरचं नॅशनल पार्क, जिथे इथल्या मूळ रहिवाशांनी कातळावर काढलेली चित्रं आहेत. मी दोनदा जाऊन आलोय, पहिल्यांदा एकटा, दुसऱ्यांदा आईबाबांना घेऊन, दोन्ही वेळा डार्विनहून पहाटे निघून रात्री परत अशीच गाईडवाली डे ट्रिप, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. पहिल्या ट्रिपमध्ये उड्या मारणाऱ्या मगरी, बोटिंग, दोन कॅफे, गिफ्ट शॉप सगळं होतं आणि ज्या चित्रांसाठी मी चार-साडेचार तासांचं विमान करून आलो होतो त्यांच्यासमोर जेमतेम वीस मिनिटं मिळाली. परतीच्या बसमध्ये मला खरंच वाईट वाटत होतं. ते तुमचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. काकाडू म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात मोठ्या नॅशनल पार्कांपैकी एक, जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पाच गोवे मावतील एवढं. नाव ऐकून काकाकुवा आठवतो पण त्याचा काही संबंध नाही, गागुजू नावाच्या इथल्या भाषेच्या नावावरून ते पडलंय. १९७९ मध्ये पार्क जाहीर व्हायला सुरुवात झाली आणि १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, तेही निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी, असं दोन्हींसाठी जगात फार थोड्या जागांना मिळतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ही रिकामी जंगलाची जागा नाही, इथे माणसं राहतात, ज्यांची ही जमीन आहे ते मूळ रहिवासी (अबोरिजिनल लोक) आणि सरकार मिळून पार्क चालवतात. उत्तर भागातले लोक स्वतःला बिनिञ म्हणतात, दक्षिणेकडचे मुंगुय. बिनिञ मधला शेवटचा उच्चार तोच, जो आपण शाळेत च छ ज झ ञ मध्ये घोकला आणि नंतर कधी वापरलाच नाही. यलो वॉटर नावाचा प्रसिद्ध डोह आहे त्याचं मूळ नाव तर ङ ने सुरू होतं, ङुरुनगुरुज्बा. इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांची इथे जीभ अडखळते, आपल्या वर्णमालेत दोन्ही अक्षरं तयार आहेत, तर जाण्याआधी चार नावं नीट म्हणायला शिका, गाईडला मनापासून आनंद होतो हे मी बघितलंय.

कधी जायचं? आपल्यासारखेच इथेही सहा ऋतू मानतात, फक्त त्यांचे हिशोब वेगळे. पर्यटकांसाठी सोपं करून ड्राय आणि वेट असे दोनच सांगतात. आईबाबा बरोबर असतील तर जून-जुलै, डोळे झाकून. तेव्हा वुर्गेंग नावाचा थंड ऋतू असतो, थंड म्हणजे दुपारी तरीही ३०-३२ डिग्री असतंच पण हवा कोरडी, सकाळी पातळ स्वेटर लागतो. ऑगस्टच्या मध्यापासून तापायला लागतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला आपल्या मे महिन्यात वळीव यायच्या आधी जसं घुसमटतं तसं होतं. डिसेंबर ते मार्च धो धो पाऊस, रस्ते पाण्याखाली, चित्रांची एक मुख्य जागा म्हणजे उबिर, तिथे जायचा रस्ता तर पुरात बरेचदा बंदच असतो. पावसाळ्यात सगळं हिरवं आणि सुंदर दिसतं हे खरं पण एका दिवसाची ट्रिप करणाऱ्याने ती रिस्क घेऊ नये असं माझं मत.

आता बुकिंग. डार्विनहून डे ट्रिप चालवणारे बरेच आहेत, मोठी बस पण मिळते आणि दहा-बारा जणांची छोटी गाडी पण. किंमत साधारण ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास धरून चाला. पार्कचा पास वेगळा असतो, मी गेलो तेव्हा ड्राय सीझनला मोठ्या माणसाला ४० डॉलर, तो सात दिवस चालतो, टूरच्या पैशात तो धरलाय का हे आधी विचारा नाहीतर ऐनवेळी पाकीट काढावं लागतं. पण पैशापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की चित्रांच्या जागी तुम्ही किती वेळ थांबता? मिनिटांत सांगा. जो ऑपरेटर सरळ आकडा सांगत नाही आणि फक्त थांब्यांची लांबलचक यादी वाचून दाखवतो तिथे बुकिंग करू नका. मला दीड तासापेक्षा कमी चालणार नाही असं मी दुसऱ्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरं विचारायचं ते म्हणजे दिवसभरात कुठेतरी तिथला, बिनिञ माणूस आमच्याशी बोलणार आहे का. डार्विनहून गाडी चालवत नेणारा गाईड बहुतेक वेळा बाहेरचा असतो, तो हुशार असतो, पक्षी झाडं सगळं सांगतो, पण हे आमच्या आजोबांनी काढलेलं आहे असं म्हणणारा माणूस वेगळा. ड्राय सीझनमध्ये पार्कचे रेंजर चित्रांपाशी फुकट माहिती सांगतात, तिच्या वेळा बघून ट्रिप बसवता आली तर बघा, आणि ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवर गुलुयाम्बी नावाची बोट आहे तिच्यावर तिथलेच लोक गाईड असतात.

चित्रांच्या दोन मुख्य जागा आहेत, उबिर आणि बुरुंगकुय (जुन्या नकाशांत नोर्लांजी). एका दिवसात दोन्ही करतो म्हणणारी ट्रिप घेऊ नका. अंतरं बघा ना, डार्विन ते जाबिरू गाव २५० किलोमीटर, तीन तास, तिथून उबिर आणखी ४० किलोमीटर उत्तरेला आणि बुरुंगकुय दक्षिणेला साधारण तेवढंच. दोन्ही केलं तर दिवस गाडीतच जातो. बुरुंगकुय बरोबर यलो वॉटरची बोट जोडलेली असते, बहुतेक टूर हेच करतात. उबिर बरोबर ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी. पक्षी आणि कमळं हवीत तर पहिलं घ्या, चित्रंच मनात असतील तर माझं मत उबिरला.

सकाळी साधारण सहाला हॉटेलवरून उचलतात. भारतातून नुकतेच आला असाल तर लक्षात ठेवा डार्विनची घड्याळं भारताच्या चार तास पुढे आहेत, म्हणजे तुमच्या शरीराला ते रात्रीचे दोन वाटतात, तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी ही ट्रिप ठेवू नका. रस्ता आर्नेम हायवे, हम्प्टी डू गाव गेलं की एकदम सपाट, दोन्हीकडे युकॅलिप्टस आणि वारुळं, माणसापेक्षा उंच. अ‍ॅडलेड नदीवर मगर उडी मारताना दाखवणाऱ्या बोटी आहेत, तो थांबा असेल तर माझा सल्ला सोडून द्या, तास जातो आणि मगरी पुढे पुष्कळ दिसणार आहेत. डार्विन सोडलं की थोड्या वेळाने फोनची रेंज जाते, जाबिरूजवळ परत येते, तेव्हा घरी कोणी काळजी करणारं असेल तर आधीच सांगून ठेवा आणि नकाशे डाउनलोड करून घ्या.

आता चित्रं. इथे मी जास्त लिहिणार आहे कारण यासाठीच जायचंय.

उबिरला गाडी लावली की साधारण एक किलोमीटरचा गोल रस्ता आहे, बराचसा सपाट, आई गुडघे दुखत असून आरामात चालली. पहिलं मोठं ठिकाण मेन गॅलरी, वर पुढे आलेला प्रचंड खडक आणि त्याच्या सावलीत लांबच लांब भिंत, आणि ती भिंत माशांनी भरलेली. कासवं, मासे, एकावर एक काढलेले, खालचं चित्र अर्धं वरच्याखाली दबलेलं. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, आधीचं चित्र कोणी असं खराब करतं का? तर इथे चित्र जपून ठेवण्यापेक्षा चित्र काढण्याच्या कृतीला जास्त महत्त्व होतं, ते काढताना गोष्ट सांगितली जायची, मुलं शिकायची. ही एक गोष्ट डोक्यात बसली की भिंत वेगळीच दिसायला लागते.

मासे आतून दिसतात, पाठीचा कणा, पोटातले अवयव सगळं, याला एक्स-रे पद्धत म्हणतात. आईचं माहेर अलिबागकडचं, ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, हा जिताडा आहे. आणि खरंच आहे, इथे ज्याला बारामुंडी म्हणतात तोच मासा आपल्याकडे रायगडात जिताडा आणि गोव्यात चोणक. मी गाईडला सांगितलं तर तो खूष, मग त्याने आईला विचारलं तुम्ही कुठला भाग आधी खाता, आणि पुढची दहा मिनिटं मी फक्त भाषांतर करत होतो. असा वेळ मिळण्यासाठीच दीड तास मागून घ्यायचा.

मासा भिंतीवर केव्हा आला यातही मोठी कहाणी आहे. हिमयुगात समुद्र खूप दूर होता, हा भाग कोरडा आणि आतला होता, तेव्हाच्या चित्रांत जमिनीवरचे प्राणी दिसतात. मग बर्फ वितळून समुद्र वर आला, नद्यांच्या मुखाशी खारं पाणी आत शिरलं, बारामुंडी आला आणि भिंतीवरही आला. मेन गॅलरीजवळ वरच्या बाजूला थायलसिनचं, म्हणजे पट्टेवाल्या टास्मानियन वाघाचं चित्र आहे, तो प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वीच संपला, म्हणजे ज्याने काढला त्याने तो जिवंत बघितला होता. गाईडला आवर्जून विचारा कुठे आहे ते, नाहीतर नजरेतून सुटतं. आणि त्याच भिंतीवर खिशात हात घालून उभा असलेला गोरा माणूसही आहे, १८८० च्या सुमारास रेड्यांची शिकार करायला लोक आले त्या काळातला. तिथे उभं राहिलं की एका भिंतीवर हे दोघे दिसतात, संपलेला वाघ आणि नवा आलेला माणूस, मी तिथून हललोच नाही बराच वेळ.

रंग काय आहेत? बाबा राजापूरचे, त्यांनी लाल रंग बघून लगेच सांगितलं ही तर काव. बरोबर, गेरू, म्हणजे लोहाचा खनिज रंग, तो दगडात मुरतो म्हणून सगळ्यात जास्त टिकतो. पिवळी माती, पांढरी माती, कोळसा हेही वापरलेत पण पांढरा रंग पापुद्र्यासारखा सुटतो, त्यामुळे जुन्या चित्रांत बहुतेक लालच उरलेला दिसतो. जाबिरूच्या जवळ मजेदबेबे म्हणून एक जागा आहे, ती बघायला मिळत नाही, पण तिथल्या उत्खननात खालच्या थरांत घासलेल्या गेरूचे तुकडे मिळाले आणि संशोधकांनी २०१७ मध्ये माणसाचा तिथला वावर ६५,००० वर्षांपूर्वीचा असल्याचं मांडलं. दगडांवर वरून ओघळ येऊ नये म्हणून सिलिकॉनची बारीक रेघ ओढलेली असते, चित्रांच्या वर नीट बघा दिसेल, पावसाचं पाणी तिच्यावरून बाजूला वळतं.

पुढे रेनबो सर्पंटची, म्हणजे इथल्या सृष्टी घडवण्याच्या कथांतल्या इंद्रधनुष्य-सर्पिणीची भिंत येते. इथे गाईड सांगेल तेवढंच ऐका. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्याला सवय असते, अजून सांगा, पुढे काय, याचा अर्थ काय. इथल्या गोष्टींचे थर आहेत, पाहुण्याला सांगायचा एक थर, घरातल्या मुलांना सांगायचा दुसरा, आणि काही फक्त विधी झालेल्या मोठ्यांसाठी. गाईड गप्प झाला तर त्याला माहीत नाही असं नाही, ते तुमच्यासाठी नाही. आपल्याकडेही गाभाऱ्यातल्या काही गोष्टी बाहेर सांगत नाहीत, तसंच. उबिरचे एक राखणदार होते बिग बिल नेजी, बुनिच कुळातले, गागुजू भाषा बोलणारे ते शेवटचे मानले जातात, २००२ मध्ये गेले. त्यांनी बऱ्याच गोष्टी बाहेरच्यांना सांगायचं ठरवलं कारण न सांगता गेल्या तर कायमच्या जातील अशी त्यांना भीती होती. आज तुम्हाला जे ऐकायला मिळतं त्यामागे अशा माणसांचा निर्णय आहे, ते ऐकताना फोन खाली ठेवा.

बाबांना तिथे आपली कातळशिल्पं आठवली, साहजिकच आहे, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, कशेळीचा तो भलामोठा हत्ती. कोकणातल्या सड्यावर ती खोदलेली आहेत पण ती कोणी काढली, का काढली हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, यांच्याकडे सांगणारा आहे. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

बुरुंगकुयला गेलात तर अन्बांगबांग गॅलरीत नमारगोन बघा, विजेचा माणूस, हात पाय डोकं जोडणारी जी पट्टी दिसते ती वीज, आणि कोपर-गुडघ्यांवर दगडी कुऱ्हाडी, त्या आपटून तो गडगडाट करतो. खाली त्याची बायको बार्गिञ. ही चित्रं १९६४ च्या सुमारास नायोम्बोल्मी नावाच्या चित्रकाराने पुन्हा रंगवली, म्हणून ती इतकी ठळक आहेत, काही लोक हे ऐकून नाराज होतात की मग ही जुनी नाहीत, पण मला ते उलट वाटतं, आपण देवळाला दरवर्षी रंग देतो ना, परंपरा चालू आहे याची ती खूण आहे. नमारगोनची मुलं म्हणजे अल्जुर, केशरी-निळा नाकतोडा, पहिल्या वादळांच्या दिवसांत दिसतो. आपल्याकडे मृगाचा लाल मखमली किडा दिसला की पाऊस आला म्हणतात, अगदी तसंच. बुरुंगकुयची वाट दीड किलोमीटरची, थोड्या पायऱ्या आहेत, वर चढून गेलं की आर्नेम लँडचा (पार्कला लागून पूर्वेला असलेला मूळ रहिवाशांच्या मालकीचा प्रदेश) कडा दिसतो जिथे नमारगोन राहतो.

वागायचे नियम थोडे पण पक्के. चित्राला हात लावायचा नाही, कठडा ओलांडायचा नाही, धूळ उडवायची नाही, ड्रोन नाही. साधारणपणे या दोन जागी स्वतःसाठी फोटो चालतात पण जिथे पाटी असेल तिथे नाही म्हणजे नाही. माणसांचा फोटो विचारून. गेलेल्या माणसाचं नाव घेणं किंवा फोटो दाखवणं काही घरांत टाळतात, तर गाईडच्या घरच्यांबद्दल उगाच खोदून विचारू नका. दोन शब्द शिका, कमाक म्हणजे छान, बोबो म्हणजे निघतो आता.

मगरींबद्दल हसण्यावारी नेऊ नका. नदीचं नाव अ‍ॅलिगेटर आहे पण या देशात अ‍ॅलिगेटर नाहीतच, १८२० च्या आसपास फिलिप पार्कर किंग नावाच्या दर्यावर्दीने मगरींना चुकून ते नाव दिलं. आहेत त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी, शिकारीने संपत आल्या होत्या, १९७१ पासून संरक्षण मिळालं आणि आता भरपूर आहेत. उबिरजवळ केहिल्स क्रॉसिंग, म्हणजे गाड्यांनी नदी ओलांडायची जागा आहे, तिथे भरती आली की मगरी मासे पकडायला रांगेने जमतात, वरच्या कट्ट्यावरूनच बघायचं, काठावर वाकायचं नाही, पाय धुवायला उतरायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही. पाणी कितीही शांत दिसो. आमच्या बोटीच्या गाईडने पलीकडच्या काठावर, आर्नेम लँडच्या बाजूला थोडं उतरवलं आणि भाला फेकून दाखवला, बाबांनी टाळ्या वाजवल्या. एरवी पलीकडे जायला परवाना लागतो.

यलो वॉटरच्या बोटीबद्दल थोडक्यात, तिथली लाल कमळं म्हणजे आपलंच कमळ, तीच जात. पानांवर चालणारे कमळपक्षी, ब्राह्मणी घार, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, काळ्या मानेचा करकोचा ज्याला इकडे जाबिरू म्हणतात, कोकणातल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पहाटेची बोट सगळ्यात चांगली पण डार्विनहून त्याच दिवशी ती गाठता येत नाही. जवळच वॉराजन कल्चरल सेंटर आहे, फुकट आहे, थंडगार आहे, दुपारच्या उन्हात तिथे तासभर घालवा, नातेसंबंधांची रचना तिथे फार छान समजावली आहे.

जेवण. व्हेज असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा आणि अंडं चालतं का नाही हेही सांगा, कारण व्हेज म्हटलं की अंड्याचं सँडविच हातात येऊ शकतं. तरीही आपलं काहीतरी जवळ ठेवाच, आम्ही आदल्या रात्री दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, आणि माणशी तीन लिटर पाणी. मिठाची लिंबू सरबताची बाटली आईसाठी. टोपी, बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डास आणि माश्यांसाठी क्रीम. चित्रांच्या पार्किंगला टॉयलेट आहेत, पाण्याचा फ्लश नसतो पण स्वच्छ असतात. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, गाडीच्या डिकीत नको. जवळचा दवाखाना जाबिरूला आहे आणि ते लक्षात घेऊनच उबिरच्या टोकाचा चढ चढायचा का ते ठरवा. शेवटचा टप्पा २५० मीटर असला तरी खडकावरून हातपाय टेकत जावं लागतं. आई खाली मेन गॅलरीत बसून राहिली, बाबा आणि मी वर गेलो, वरून नदाब नावाचं पूरमैदान दिसतं, हिरवं, क्षितिजापर्यंत. आई म्हणाली तिला खाली जास्त बरं वाटलं, माणसं निघून गेल्यावर भिंत आणि ती दोघीच होत्या.

काही विकत घ्यायचं असेल तर डार्विनच्या एअरपोर्टवर नको, जाबिरूच्या मारावुडी आर्ट सेंटरमध्ये घ्या, तिथे कोणी काढलंय त्याचं नाव मिळतं आणि पैसे तिथल्याच लोकांकडे जातात. गाडी तिथे थांबते का हे सकाळीच गाईडला विचारून ठेवा, संध्याकाळी घाईत राहून जातं.

परत डार्विनला पोचायला साडेसात-आठ होतात. डे ट्रिपमध्ये एक गोष्ट मात्र मिळत नाही, उबिरच्या माथ्यावरचा सूर्यास्त, कारण गाडी त्याच्या खूप आधी निघते. ज्यांच्याकडे एक दिवस जास्त असेल त्यांनी जाबिरूला एक रात्र राहावं, तिथून उबिर फक्त ४० किलोमीटर. दुपारी चारला पोचा, आधी चित्रं बघा कारण तेव्हा ऊन तिरपं होऊन भिंतीवर चांगला उजेड येतो, मग वर चढा, आणि प्रत्येकाकडे एक टॉर्च ठेवा, सूर्य गेला की इथे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही आणि उतरताना खडकावर पाय कुठे टाकायचा ते दिसलं पाहिजे.